फँग्ज-अल्माचे डेटा क्यूब आणि कार्टा: दीर्घिकांच्या गाभ्यातील वायू पाहण्याच्या मोफत सोयीचे परीक्षण

सर्पिल दीर्घिकांच्या केंद्रभागात वायू कसा फिरतो, कुठे थबकतो आणि कोणत्या वाटेने आत उतरतो, हे स्वतः तपासून पाहण्याची सोय आज पुण्यातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एक पैसाही न मोजता उपलब्ध आहे. हे परीक्षण दोन गोष्टींचे मिळून आहे: फँग्ज-अल्मा या सर्वेक्षणाने सर्वांसाठी खुली केलेली निरीक्षणे, आणि ती निरीक्षणे उघडून पाहण्यासाठी वापरले जाणारे कार्टा हे सॉफ्टवेअर. पुण्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी मी या दोन्हींचा वापर करत आलो आहे, आणि पुढील मते त्या वापरातूनच तयार झालेली आहेत. माझे मुख्य मत आधीच सांगतो. वायूची गती समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगले साधन पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती येणे कठीण आहे. मात्र तयार मिळणाऱ्या रंगीत नकाशांवर विसंबून निष्कर्ष काढणाऱ्याची ते दिशाभूलही तितक्याच सहजपणे करते.

अल्मा ही चिलीतील अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीच्या चाहनांतोर पठारावर उभारलेली ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. त्यांपैकी ५४ अँटेना १२ मीटर व्यासाच्या आणि १२ अँटेना ७ मीटर व्यासाच्या आहेत. फँग्ज या आंतरराष्ट्रीय गटाने तिच्या साहाय्याने आपल्या जवळपासच्या ९० दीर्घिकांमधील कार्बन मोनॉक्साइडचे नकाशे तयार केले. कोनीय स्पष्टता साधारण १ ते १.५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असून या दीर्घिकांच्या अंतरांवर ती १०० पार्सेकच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे प्रकाशवर्षांच्या आसपास जाते. त्यामुळे दीर्घिकेतील मोठे रेणवीय मेघ जवळजवळ सुटे सुटे दिसू लागतात. वेगाच्या बाबतीतली स्पष्टता तर याहूनही उपयोगी आहे, कारण प्रत्येक डेटा क्यूबमधील, म्हणजे वेगवेगळ्या वेगांना घेतलेल्या चित्रांच्या चळतीतील, दोन लगतच्या थरांमध्ये सेकंदाला केवळ २.५ किलोमीटरचा फरक असतो.

कार्बन मोनॉक्साइडच का, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. दीर्घिकांच्या केंद्रभागातील बहुतेक थंड वायू हा रेणुरूप हायड्रोजन असतो. परंतु हायड्रोजनचा रेणू पूर्णपणे सममित असल्यामुळे त्याला स्थायी विद्युत द्विध्रुव नसतो, आणि शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपासच्या थंडीत तो व्यवहारतः काहीच प्रारण सोडत नाही. त्याच्याबरोबर अल्प प्रमाणात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र अशा थंडीतही परिवलन अवस्था बदलतो आणि २३०.५३८ गिगाहर्ट्‌झ या वारंवारितेला, म्हणजे १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या आसपास, एक स्पष्ट रेषा देतो. मेघ आपल्यापासून सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर डॉप्लर परिणामामुळे ही रेषा सुमारे ७७ मेगाहर्ट्‌झने खाली सरकते. हे एवढे मोठे सरकणे अल्माला अगदी सहज मोजता येते. म्हणजेच आपण पाहतो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्यावरून अनुमान करतो ते हायड्रोजनचे. या अनुमानात गतीच्या बाबतीत फारशी अडचण येत नाही. वस्तुमानाच्या बाबतीत ती येते, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कार्टा हे सॉफ्टवेअर तैवान, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि कॅनडा येथील संस्थांनी मिळून तयार केले आहे. त्याचा आराखडा मला मनापासून आवडतो. गणिताचे जड काम मागच्या बाजूला चालणारा सर्व्हर करतो आणि आपल्यासमोर ब्राउझरमध्ये फक्त दिसण्यापुरता भाग येतो. त्यामुळे मोठ्या फाइल्स विभागाच्या एखाद्या बऱ्यापैकी संगणकावर ठेवून विद्यार्थ्यांना आपापल्या साध्या लॅपटॉपवरून त्या पाहता येतात. लिनक्स आणि मॅकवर ते थेट बसते. विंडोजवर मात्र आधी लिनक्सची उपप्रणाली बसवावी लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे विंडोजच असल्यामुळे पहिला तास त्यातच जातो. मार्गदर्शिका इंग्रजीत असली तरी सुबोध आहे. निरीक्षणांच्या फाइल्स अल्माच्या संग्रहातून किंवा कॅनडाच्या खगोल डेटा केंद्रातून उतरवून घेता येतात. त्या आकाराने मोठ्या असतात, म्हणून प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच त्या उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

पहिल्यांदा उघडण्यासाठी मी एनजीसी ३३५१ ही दीर्घिका सुचवतो. सिंह राशीतील हीच दीर्घिका मेसियेच्या यादीत ९५ क्रमांकावर आहे, आणि चैत्राच्या रात्री शहराबाहेरच्या अंधाऱ्या जागेवरून मध्यम दुर्बिणीतून ती एका पुसट ठिपक्यासारखी दिसते. ती सुमारे ३ कोटी २५ लाख प्रकाशवर्षे दूर असून आपल्यापासून सेकंदाला साधारण ७७५ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. तिच्या अंतरावर १ विकला म्हणजे सुमारे ४८ पार्सेक. तिची शिफारस करण्यामागे दोन कारणे आहेत. एक तर तिच्यात ठळक दंड, म्हणजे केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा, आहे आणि त्या दंडाच्या मध्यभागी ताऱ्यांची जोमाने निर्मिती करणारे, काहीशे पार्सेक त्रिज्येचे सुंदर कडे आहे. दुसरे कारण भूमितीचे आहे. दीर्घिकेची चकती आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे ४५ अंशांनी कललेली आहे, आणि आकाशात दिसणारा दंड हा चकतीच्या दीर्घ अक्षाशी जवळजवळ काटकोनात आहे. म्हणजे ज्या रेषेवर निव्वळ वर्तुळाकार भ्रमणाचा दृष्टिरेषेतील घटक शून्य व्हायला हवा, नेमक्या त्याच रेषेच्या आसपास दंड पसरलेला आहे. तिथे जो वेग दिसेल तो वर्तुळाकार भ्रमणाचा नसणार, हे उघड आहे.

क्यूब उघडल्यावर कार्टामधील चलचित्राची सोय वापरून एकेक वेगथर पुढे सरकवत जावे. सुरुवातीच्या थरांत गाभ्याच्या एका बाजूला छोटासा ठिपका उजळतो, मग तो पसरतो, त्याला शेपटासारखी एक रेघ फुटते, मधल्या थरांत प्रकाश दोन्ही बाजूंना वाटला जातो, आणि अखेरीस दुसऱ्या बाजूला तसाच एक ठिपका उरतो. ती शेपटासारखी रेघ म्हणजे दंडाच्या कडेने केंद्राकडे येणारा वायूचा प्रवाह. अवकाश दुर्बिणींच्या प्रकाशचित्रांत त्याच जागी काळे धूलिपट्टे दिसतात. विद्यार्थ्यांना मी आधी हे चलचित्र दाखवतो आणि तयार नकाशे नंतर, कारण नकाशात प्रत्येक बिंदूला एकच सरासरी वेग दिला जातो आणि एकाच दिशेला असलेले दोन वेगवेगळ्या वेगांचे प्रवाह त्यात एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. चलचित्रात ते वेगळे राहतात. या एका सोयीसाठीसुद्धा कार्टा बसवण्याचे कष्ट घ्यावेत असे मी म्हणेन.

हा प्रवाह तयार होतो तरी कसा, हे समजल्याशिवाय चित्र पाहण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. समजा, केंद्रापासून ३,००० पार्सेकवर वायूचा एक मेघ सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने फिरत आहे, आणि त्याला ३०० पार्सेकवरच्या, सेकंदाला १५० किलोमीटर वेगाच्या कक्षेत यायचे आहे. वेग आणि त्रिज्या यांचा गुणाकार दोन्ही ठिकाणी करून पाहिला, तर प्रत्येक किलोग्रॅममागचा कोनीय संवेग सुमारे तेरा पटींनी कमी व्हावा लागतो असे दिसते. म्हणजे मूळ कोनीय संवेगाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या मेघाने कोणाला तरी देऊन टाकला पाहिजे. गुरुत्वाकर्षणाची ओढ केंद्राकडे असली तरी केवळ ओढ असल्याने वायू आत पडत नाही. तसे असते तर पृथ्वीही सूर्यात पडली असती. कोनीय संवेग काढून घेणारा कोणीतरी असावा लागतो, आणि सर्पिल दीर्घिकांमध्ये ते काम प्रामुख्याने दंड करतो. जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश दीर्घिकांमध्ये कमीअधिक ठळक दंड आढळतो, त्यामुळे ही यंत्रणा अपवादात्मक नाही.

दंड हा ताऱ्यांचाच बनलेला असतो आणि एखाद्या घट्ट वस्तूसारखा ठरावीक कोनीय वेगाने फिरतो. एका ठरावीक त्रिज्येच्या आत वायू दंडापेक्षा अधिक कोनीय वेगाने फिरत असतो, म्हणून तो वारंवार दंडाला मागून गाठतो. दंडाच्या गुरुत्वीय क्षेत्रातील कक्षा लांबट असतात आणि काही ठिकाणी एकमेकींना छेदतात. तारे परस्परांपासून इतके दूर असतात की छेदणाऱ्या कक्षांवरूनही ते न आदळता निघून जातात. वायूला ते शक्य नाही. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात लक्ष्मी रस्त्याने आणि टिळक रस्त्याने आलेल्या मिरवणुका एकमेकींच्या आरपार जाऊ शकत नाहीत, चौकापाशी दाटतात आणि मंदावतात, तसे वायूचे प्रवाह दंडाच्या पुढच्या कडेला दाटतात. तिथे आघात तरंग तयार होतात, वायू आणि त्यातली धूळ दाबली जाते, आणि प्रकाशचित्रात दिसणारा काळा पट्टा उमटतो. हा दाटलेला वायू दंडाच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे असल्यामुळे दंडाचे गुरुत्वाकर्षण त्याला सतत मागे खेचते. कोनीय संवेग बदलणाऱ्या अशा पिळालाच टॉर्क म्हणतात. वायू कोनीय संवेग गमावतो, ताऱ्यांचा दंड तो स्वीकारतो, आणि वायू पट्ट्याच्या कडेने सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरातील वेगाने आत घरंगळू लागतो. दंडातील धूलिपट्ट्यांचा आकार आणि आघात तरंग यांचा हा संबंध लिया अथनासूला यांनी १९९२ साली संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे सविस्तर दाखवून दिला.

मात्र हा वायू दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवरापर्यंत थेट जात नाही. केंद्रापासून काहीशे पार्सेकवर, अंतर्गत लिंडब्लाड अनुस्पंदनाच्या परिसरात, म्हणजे जिथे वायूच्या कक्षेतील आंदोलने दंडाच्या फिरण्याशी ताल धरतात तिथे, कक्षांची ठेवण बदलते. बाहेरच्या कक्षा दंडाला समांतर लांबट असतात, तर आतल्या कक्षा दंडाला काटकोनात आणि बऱ्याच अंशी गोल असतात. बाहेरून आलेला वायू या आतल्या कक्षांवर स्थिरावतो, तिथे दंडाच्या टॉर्कची दिशा उलटते, आणि वायूचे कडे तयार होते. वर धरलेल्या आकड्यांनुसार ३०० पार्सेक त्रिज्येच्या कड्याला एक फेरी पुरी करायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षे लागतात; खगोलशास्त्रीय मानाने हा फारच थोडा काळ असल्यामुळे कड्यातील वायू ढवळत राहतो, कोसळतो आणि तारे निर्माण करतो. एनजीसी १०९७, एनजीसी १५१२, एनजीसी ४३२१ या दीर्घिकांतही अशी कडी आहेत, आणि एनजीसी ३३५१ नंतर याच क्रमाने त्या उघडून पाहाव्यात.

आता तयार नकाशांविषयी. फँग्जचा गट प्रत्येक दीर्घिकेसाठी एकूण तीव्रता, सरासरी वेग आणि वेगांचा पसारा यांचे नकाशे देतो, आणि तेही दोन प्रकारांत. एका प्रकारात केवळ खात्रीशीर संकेत ठेवलेले असतात, तर दुसऱ्यात पुसट संकेतही सामावून घेतलेले असतात. नवशिक्याला पहिला प्रकार अधिक नीटनेटका वाटतो, परंतु दंडातल्या प्रवाहांचा अभ्यास करायचा असेल तर मी दुसऱ्याचीच शिफारस करतो, कारण वेगाचा पसारा मोठा असलेला विरळ वायू पहिल्या प्रकारात गाळला जाण्याची शक्यता असते आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. सरासरी वेगाच्या नकाशात एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला लाल रंग दिसतो; त्यांच्यामधली शून्य वेगाची सीमारेषा (दीर्घिकेचा एकूण दूर जाण्याचा वेग वजा केल्यावर) सरळ असती तर वायू निव्वळ वर्तुळात फिरत आहे असे म्हणता आले असते. दंड असलेल्या दीर्घिकांत ती रेषा इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. हे वळण म्हणजे अवर्तुळाकार गतीची खूण आहे, पण वायू आत जात आहे की बाहेर, हे त्यावरून कळत नाही.

या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डॉप्लर परिणाम फक्त दृष्टिरेषेतला वेग सांगतो. लघु अक्षावर, म्हणजे चकतीच्या दीर्घ अक्षाला काटकोनातल्या रेषेवर, वायू आपल्यापासून दूर जाताना दिसला, तर तो आत जातो आहे की बाहेर, हे चकतीची कोणती बाजू आपल्या जवळची आहे यावर अवलंबून असते. जवळच्या बाजूवरचा वायू केंद्राकडे निघाला तर तो आपल्यापासून दूर जाईल आणि त्याची ताम्रसृती दिसेल. दूरच्या बाजूवरचा वायू केंद्राकडे निघाला तर तो आपल्याकडे येईल आणि नीलसृती दिसेल. जवळची बाजू ठरवण्यासाठी दृश्य प्रकाशातील चित्राचा आधार घ्यावा लागतो, कारण जवळच्या बाजूची धूळ दीर्घिकेच्या मध्यवर्ती तारकाफुगवट्यासमोर येऊन तो अधिक झाकते; किंवा मग सर्पिल भुजा भ्रमणाच्या मागे रेंगाळतात हे गृहीत धरून भ्रमणाची दिशा काढावी लागते. कार्टामध्ये दृश्य प्रकाशाचे चित्र आणि वेगाचा नकाशा शेजारी ठेवून, दोन्हींचे आकाशातील निर्देशांक जुळवून पाहता येतात आणि एकाच्या समतलरेषा (सारख्या मूल्यांचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) दुसऱ्यावर टाकता येतात. मी प्रकल्पाच्या अहवालात जवळची बाजू कशी ठरवली याचा स्वतंत्र परिच्छेद मागतो, आणि तो नसेल तर अंतःप्रवाह हा शब्द वापरू देत नाही.

हा आग्रह वाटतो तितका पुस्तकी नाही, कारण आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या बाबतीत नामवंतांनाही या प्रश्नाने झुलवले आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समधील यान ऊर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर हायड्रोजनची एक भुजा आढळली. आज ती ३ किलोपार्सेक भुजा म्हणून ओळखली जाते. केंद्राच्या अलीकडची ही भुजा सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होती, आणि त्यावरून केंद्रातून वायू बाहेर फेकला जात असल्याची कल्पना पुढे आली. १९६४ मध्ये जेरार द व्होकुलर यांनी हीच गती आकाशगंगेत दंड असल्याचे लक्षण असावे असे सुचवले. १९९१ साली जेम्स बिनी आणि सहकाऱ्यांनी केंद्रभागातील वायूच्या वेगांची मांडणी दंडातल्या कक्षांच्या आधारे करून दाखवली, आणि स्फोटाची गरज उरली नाही.

आकाशगंगेचा हा संदर्भ आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. फँग्जच्या क्यूबमधून आत येणाऱ्या वायूचा दर काढण्याचा मोह प्रत्येक उत्साही विद्यार्थ्याला होतो. प्रवाहातले वस्तुमान, त्याचा वेग आणि लांबी हाती आली की भागाकार एका ओळीत होतो. आकाशगंगेसाठी हाच हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दंडाच्या दोन धूलिपट्ट्यांतून वर्षाला सुमारे २.७ सूर्यांइतका वायू आत येतो असे उत्तर मिळाले. परंतु २०२१ च्या संगणकीय प्रतिरूपांत असे दिसले की या वायूपैकी साधारण ३० टक्केच वायू कड्यावर थांबतो. उरलेला केंद्राजवळून निसटून पलीकडच्या धूलिपट्ट्यावर जाऊन आदळतो आणि पुन्हा फेरा मारतो. त्यानुसार तो दर वर्षाला ०.८ सूर्यांच्या आसपास आला, आणि त्यातही अनिश्चितता मोठी आहे. त्या प्रदेशात तारे मात्र वर्षाला साधारण ०.१ सूर्य या दरानेच निर्माण होत आहेत. उरलेल्या वायूचे काय होते, तो साठतो, वाऱ्यांबरोबर बाहेर फेकला जातो की आळीपाळीने दोन्ही घडते, यावर आजही गंभीर संशोधन चालू आहे, आणि याच प्रश्नामुळे मला हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

वस्तुमानाच्या अडचणीचा उल्लेख वर केला होता. कार्बन मोनॉक्साइडच्या तेजावरून हायड्रोजनचे वस्तुमान काढताना एक रूपांतर गुणांक वापरला जातो. आपल्या आकाशगंगेच्या चकतीसाठी त्याचे जे मूल्य रूढ आहे, ते दीर्घिकांच्या गाभ्यात चालत नाही. तिथला वायू अधिक उबदार आणि अधिक खवळलेला असतो, त्याच्या वेगांचा पसारा मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच वस्तुमानातून अधिक प्रकाश निसटतो. २०२२ मधील अभ्यासात एनजीसी ३३५१ च्या केंद्रभागासाठी हा गुणांक रूढ मूल्याच्या निम्म्या ते एक तृतीयांश इतका आढळला, आणि केंद्राकडे येणाऱ्या प्रवाहांत तर त्याहूनही कमी. रूढ मूल्य वापरणारा विद्यार्थी म्हणूनच नेमका आत येणाऱ्या वायूचा दर फुगवून सांगतो. त्यामुळे माझा सल्ला असा आहे की या क्यूबमधून वेग निर्धास्तपणे मोजावेत, वस्तुमान मात्र हात राखून सांगावे. भ्रमणवेगाच्या बाबतीतही एक पथ्य आहे. दंड दीर्घ अक्षाला समांतर असेल तर भ्रमणवेग प्रत्यक्षाहून कमी आणि काटकोनात असेल तर जास्त दिसतो, म्हणून एनजीसी ३३५१ सारख्या दीर्घिकेत आतल्या भागाचे एकूण वस्तुमान भ्रमणवेगावरून काढताना ते जास्त येण्याची शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

पुण्यात राहून परदेशी दुर्बिणीचे कौतुक का, आपल्याकडे जीएमआरटी असताना, असेही मला विचारले जाते. नारायणगावजवळच्या खोडद येथील त्या दुर्बिणीविषयी मला अतिशय अभिमान आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत, गणेशखिंडीतील एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था ती चालवते, आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या शाळांची मुले ती पाहायला गर्दी करतात. परंतु दोन्ही दुर्बिणी वेगवेगळा वायू पाहतात. जीएमआरटी २१ सेंटिमीटरच्या रेषेतून अणुरूप हायड्रोजन पाहते, आणि तो दीर्घिकेच्या ताऱ्यांच्या चकतीबाहेरही दूरवर पसरलेला असतो. केंद्राजवळ दाब आणि घनता वाढली की अणूंचे रेणू होतात, म्हणून अनेक सर्पिल दीर्घिकांच्या अणुरूप हायड्रोजनच्या नकाशात मध्यभागी चक्क भोक दिसते. गाभ्यातला वायू पाहायचा असेल तर कार्बन मोनॉक्साइडकडेच वळावे लागते. उलट, गाभ्याकडे येणारा वायू मुळात कुठून आला, बाहेरच्या चकतीत त्याचा किती साठा आहे, याचे उत्तर जीएमआरटीसारख्या दुर्बिणीच देतात. जीएमआरटीचाही खुला संग्रह आहे, परंतु त्यातली कच्ची निरीक्षणे नकाशापर्यंत नेण्यासाठी बरेच प्रशिक्षण लागते, तर फँग्जचे क्यूब तयार स्वरूपात मिळतात. पदवीच्या पातळीवर हा फरक निर्णायक ठरतो.

फँग्जच्या क्यूबची आणखी एक गुणवत्ता सहसा दुर्लक्षित राहते. अनेक अँटेना जोडून केलेल्या निरीक्षणांत दूरवर पसरलेला, मंद उजेडाचा वायू हरवतो. या सर्वेक्षणात १२ मीटरच्या अँटेनांच्या निरीक्षणांना ७ मीटरच्या अँटेनांची आणि सुट्या अँटेनांनी मोजलेल्या एकूण तेजाची जोड दिलेली असल्यामुळे तो तोटा भरून निघतो. विद्यार्थ्याने दोन दीर्घिकांची तुलना केली तर ती न्याय्य तुलना ठरते, आणि ९० पैकी १९ दीर्घिकांसाठी जेम्स वेब दुर्बिणीची जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली अवरक्त चित्रेही शेजारी ठेवता येतात. त्यांत धुळीचे तंतू कड्यात कसे शिरतात हे पाहून वर्गात दर वेळी शांतता पसरते.

या सोयीची शिफारस मी भौतिकशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, त्यांच्या शिक्षकांना आणि वर्णपट म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या हौशी आकाशनिरीक्षकांना निःसंकोचपणे करतो. शाळेतल्या मुलांसाठी तयार चित्रेच बरी. क्यूबचे तिसरे परिमाण हे अंतर नसून वेग आहे, ही गोष्ट पचायला थोडी गणिती तयारी लागते. ज्यांना अजिबात कोडिंग येत नाही त्यांचेही कार्टामध्ये काही अडत नाही, कारण स्थान आणि वेग यांचा आलेख, एखाद्या वर्तुळातला सरासरी वर्णपट, तिन्ही प्रकारचे नकाशे, हे सगळे माउसने करता येते. दंडाच्या दिशेने रेघ ओढून काढलेला स्थान-वेग आलेख तर प्रत्येकाने काढावाच. त्यात कड्याचा तीव्र उताराचा भाग आणि दंडातल्या प्रवाहाचा वेगळा पट्टा एकमेकांपासून ठळकपणे सुटे दिसतात.

या साधनाची मर्यादा कड्याच्या आतल्या भागात जाणवू लागते. कड्यापर्यंत आलेला वायू पुढे कृष्णविवरापर्यंत कसा जातो, हा या विषयातला सर्वांत अवघड टप्पा आहे, आणि १०० पार्सेकच्या स्पष्टतेने त्याचे उत्तर मिळत नाही. १९८९ साली श्लोसमन, फ्रँक आणि बेगेलमन यांनी दंडाच्या आत आणखी छोटा दंड असेल तर तो वायूला पुढे नेऊ शकेल असे मांडले. सुपरनोव्हांनी ढवळलेला वायू, मेघांच्या परस्पर टकरी आणि गाभ्यातल्या लहान सर्पिल भुजा हेही त्या वाटेवरचे वाटाडे असू शकतात. एनजीसी १५६६ या दीर्घिकेचा क्यूब फँग्जमध्ये आहे. तो पाहून कुतूहल जागे झाले, तर फ्रान्स्वाज कोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली अल्माचीच अधिक सूक्ष्म निरीक्षणे अल्माच्या संग्रहात शोधावीत. कार्बन मोनॉक्साइडच्या अधिक वारंवारितेच्या रेषेत घेतलेल्या त्या निरीक्षणांत कड्याच्या आत मागे रेंगाळणाऱ्या भुजांचा एक छोटा सर्पिल दिसतो, आणि कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिथे टॉर्कची दिशा पुन्हा उलटून वायू आत ढकलला जातो असा त्यांचा निष्कर्ष आहे. फँग्जचा क्यूब आणि ही निरीक्षणे कार्टामध्ये एकमेकांशी जुळवून उघडली की पहिल्यात जिथे केवळ एक तेजस्वी डाग दिसतो, तिथे दुसऱ्यात त्या सर्पिलाच्या दोन्ही भुजा मोजता येतात.